अठरा वर्षांनंतर वर्ग नको, कामाची जागा द्या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
वर्धा.



माझ्या मुलाला ऑटिझम आहे आणि आता तो बावीस वर्षांचा आहे. हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण यातली मागणी एका घराची नाही आणि ती एका खात्याच्या टेबलावर पूर्ण होण्यासारखीही नाही. मागणी अशी: आमच्या मुलांसाठी आणखी एक प्रशिक्षण केंद्र बांधू नका. जिल्ह्यात आज चालू असलेली कामाची ठिकाणं त्यांना वर्षभर शिकण्यासाठी उघडून द्या, आणि तिथे त्यांच्या शेजारी उभं राहून शिकवणाऱ्या माणसाचा पगार दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून द्या.

ऑटिझम असलेलं मूल लहान असतं तेव्हा धावपळ खूप असते, पण जायला जागा तरी असतात. डॉक्टर, वाचा-उपचार, विशेष शाळा. दिव्यांग मुलांच्या मोफत शिक्षणाचा कायदेशीर हक्कही अठराव्या वर्षापर्यंतच आहे. त्यानंतर शाळेचा दाखला हातात मिळतो आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी उठून कुठे जायचं हेच उरत नाही. ज्याचा सगळा दिवस ठरलेल्या क्रमावर उभा असतो, त्याचा क्रमच निघून गेला की काय होतं ते या जिल्ह्यातल्या अनेक घरांनी पाहिलं आहे. झोपेची वेळ बिघडते, शिकलेली कामं सुटतात, चिडचिड वाढते, मोबाइल हातातून सुटत नाही, आणि मग गोळ्यांचा डोस वाढतो. लोक म्हणतात, आजार वाढला. वाढलेला असतो तो रिकामा वेळ. आणि त्या मुलाजवळ थांबण्यासाठी घरातल्या एकाला, बहुतेक वेळा आईलाच, नोकरी किंवा शेतावरचं काम सोडावं लागतं.

आज विशी-पंचविशीत असलेल्या या पिढीसाठी कायद्यालाही उशीर झाला आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते, त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझमचं नाव घेतलं. पण त्याचं मोजमाप करून प्रमाणपत्र कसं द्यायचं याच्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना एप्रिल २०१६मध्ये आल्या. त्यासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी ठरली. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम झाला, प्रकार २१ झाले आणि ऑटिझम त्यांत आला. तोवर ही मुलं दहा-पंधरा वर्षांची झाली होती. त्याआधी प्रमाणपत्र मिळालंच तर ते मतिमंदत्वाचं मिळे, आणि पुष्कळांनी तो कागद नंतर बदलून घेतलेला नाही.

याच अधिनियमाने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण दिलं. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांना मिळून आहे. हा हक्क मोलाचा आहे. पण त्या जागेपर्यंत जाणारा रस्ता लेखी परीक्षेतून आणि काही पदांसाठी मुलाखतीतूनही जातो. माझा मुलगा घरातले सगळे कपडे एका मापाच्या घड्या घालून कपाटात लावतो. अनोळखी माणसाने नाव विचारलं तर मात्र उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो आणि तो समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही. मुलाखतीत त्याला कुणी निवडणार नाही. कामावर उभं केलं तर कुणी काढणार नाही. म्हणून सुरुवातच कामाच्या जागेपासून व्हायला हवी.

यामागे ऑटिझमचं एक वैशिष्ट्य आहे. एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी आपोआप वापरणं या मुलांतल्या अनेकांना अवघड जातं. घरच्या नळावर हात धुणारा मुलगा दवाखान्यातल्या वेगळ्या नळापाशी अडून बसतो. वर्गात खोट्या नोटांनी हिशेब करणारी मुलगी किराणा दुकानात थांबून राहते, कारण दुकानात गर्दी आहे, आवाज आहे आणि दुकानदार भरभर बोलतो आहे. म्हणूनच प्रशिक्षण केंद्रात वर्षानुवर्षं मेणबत्त्या, लिफाफे आणि पणत्या करूनही बाहेरच्या नोकरीची तयारी होत नाही. त्या वस्तू दिवाळीच्या प्रदर्शनात कौतुकाने विकल्या जातात, एरवी त्यांना गिऱ्हाईक नसतं. केंद्रातल्या शिक्षकांच्या कष्टांत कमतरता नाही. पण तिथे शिकलेलं बरंचसं तिथेच राहतं. जे काम पुढे करायचं, ते त्याच इमारतीत, त्याच माणसांत, त्याच घड्याळावर शिकवलं तर ते शिकणं वाया जात नाही.

हे करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात १९९६ साली एरिन रीली या तातडीच्या विभागाच्या प्रमुख परिचारिका होत्या. साहित्य भरून ठेवण्यासारख्या कामांवर माणसं टिकत नव्हती. बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेले तरुण हे काम नीट करतील असं त्यांना वाटलं आणि त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ सुरू झाला. शाळेचं शेवटचं वर्ष रुग्णालयातच काढायचं, वर्षात तीन वेगवेगळ्या विभागांत काम शिकायचं, सोबत शिक्षक आणि कामावर शेजारी उभा राहून शिकवणारा जॉब कोच. पुढे व्हर्जिनियात ऑटिझम असलेल्या तरुणांवर याचा अभ्यास झाला आणि तो २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात वर्ष काढलेल्या २४ जणांपैकी २१ जणांना नोकरी लागली. नेहमीच्या शाळेत राहिलेल्या १६ जणांपैकी एकाला. गट लहान होते हे खरं, पण एवढ्या मोठ्या फरकाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आपल्या राज्यातही उदाहरण आहे. मुंबईत जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डब्यांची सेवा चालवली आणि २०१८मध्ये ‘कॅफे अर्पण’ सुरू केला. तिथे ऑटिझम आणि इतर विकासात्मक दिव्यांगत्व असलेले प्रौढ स्वयंपाकघरात आणि ग्राहकांसमोर पगारी काम करतात. या संस्थेच्या संस्थापकांत सुषमा नगरकर आहेत; त्या स्वतः अशा एका मुलीच्या आई आहेत. तिथे लोक पैसे मोजून खायला येतात. काम खरं असलं की शिकणंही खरं होतं.

आणि वर्ध्याला हे सांगायला बाहेरची उदाहरणं लागू नयेत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच शहरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचं हा तिचा गाभा. आशादेवी आणि आर्यनायकम यांनी सेवाग्रामला ती प्रत्यक्ष चालवून दाखवली. परिषदेच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम सुरू केलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातलं होतं त्यांना तिथे औषधाबरोबर शेती आणि सूतकताईही मिळाली. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९४९मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं तेही कामाच्याच पायावर. ज्याला समाजाने निरुपयोगी ठरवलं त्याच्या हाताला काम देण्याची या मातीची रीत जुनी आहे. ऑटिझम असलेल्या तरुणांपर्यंत ती अजून पोचलेली नाही.

जिल्ह्यात जागा कुठे आहेत? सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही दोन मोठी शिक्षण रुग्णालयं आपल्याकडे आहेत. चादरी आणि गाऊन मोजून घड्या घालणं, निर्जंतुक करायच्या साहित्याचे संच ठरलेल्या क्रमाने लावणं, औषधांच्या खोक्यांवरची मुदत तपासून ती खणात लावणं, जुन्या केसपेपरांच्या फायली क्रमांकाने ठेवणं, ही कामं तिथे रोज आहेत. अचूकपणा आणि सातत्य हीच त्यांची गरज आहे. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकं लावण्याचं आणि स्कॅनिंगचं काम असू शकतं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिची सफाई, प्रतवारी, वजन आणि पॅकिंग हे टप्प्याटप्प्याचं काम आहे. गोपुरीचं ग्रामसेवा मंडळ आणि मगन संग्रहालय इथे कापसापासून कापडापर्यंतची साखळी आहे. रोपवाटिका आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, देवळीची एमआयडीसी आहे.

पण जागा निवडताना एक काळजी घ्यावी लागेल. आवाज, उजेड, वास आणि स्पर्श ऑटिझम असलेल्या अनेकांना आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतात. हिंगणघाटला जिनिंगमध्ये माणसं लागतात म्हणून तिथल्या आवाजात आणि कापसाच्या धुळीत कुणालाही ढकलून चालणार नाही. आपल्याकडचा मे महिना आणि पत्र्याची शेड हे तर भल्याभल्यांना सोसत नाही. शिवाय ऑटिझम म्हणजे तेच तेच काम आवडणार, असंही धरून चालू नये. कुणाचा हात सुतावर बसेल, कुणाला आकडे लागतील, कुणाला झाडं. म्हणून एका वर्षात तीन जागांचा अनुभव हवा आणि शेवटची निवड त्या तरुणाची हवी. जो बोलत नाही त्यालाही निवड असते. कोणत्या जागी तो सकाळी आपण होऊन चप्पल घालतो, हे बघणाऱ्याला कळतं.

आता त्या शेजारी उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल, म्हणजे जॉब कोचबद्दल. सगळी योजना त्याच्यावर उभी आहे. चादरीची घडी घालणं हा कामातला सोपा भाग आहे. अवघड भाग तिच्या आजूबाजूला असतो. ट्रॉली भरली तर कुणाला सांगायचं? फाटकी चादर कुठे ठेवायची? वीज गेली तर थांबायचं की चालू ठेवायचं? डबा कुणाबरोबर खायचा? पोट दुखतंय हे कसं सांगायचं? कुणी हसलं तर ते आपल्याबरोबर हसलं की आपल्याला, हे कसं ओळखायचं? नोकरी जाते ती अशा ठिकाणी, घडीमुळे जात नाही.

चांगला जॉब कोच आधी ते काम स्वतः करून बघतो. मग त्याच्या पायऱ्या पाडतो, प्रत्येक पायरीचा फोटो डोळ्यांच्या उंचीवर लावतो, झालेलं काम एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाईल अशी मांडणी करतो, म्हणजे किती झालं आणि किती उरलं हे विचारावं लागत नाही. पहिले आठवडे तो खांद्याला खांदा लावून असतो, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग आठवड्यातून एकदा येतो. तो सहकाऱ्यांनाही शिकवतो. ‘जरा तेवढं आवरून घे’ म्हणू नका; ‘या दहा चादरी मोज आणि दुसऱ्या खणात ठेव’ म्हणा. एका वेळी एकच सूचना द्या. उद्या विभाग बदलणार असेल तर आज सांगा. तीन-चार तरुणांमागे असा एक माणूस पुरतो. विशेष शिक्षणाची पदविका घेतलेली, भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंद असलेली तरुण माणसं विदर्भात आहेत, आणि दिव्यांगांच्या कौशल्य विकासासाठीचं केंद्र सरकारचं संयुक्त क्षेत्रीय केंद्र शेजारी नागपूरलाच आहे. जॉब कोचांच्या प्रशिक्षणासाठी त्या केंद्राला विचारता येईल.

कामाबरोबर स्वावलंबन येतं, पण तेही शिकवावंच लागतं. सेलूहून किंवा देवळीहून एसटीने येणं, पास दाखवणं, चुकीच्या थांब्यावर उतरलं तर काय करायचं ते ठाऊक असणं. दाढी, पाळीची स्वच्छता, घामाचे कपडे बदलणं. पगारातून आपल्या आवडीची वस्तू विकत घेणं आणि फोनवर कुणी ओटीपी मागितला तर न देणं. अंगाला हात लावणाऱ्याला मोठ्याने नाही म्हणणं, आणि दुसऱ्याच्याही नाहीचा मान ठेवणं. हे सगळं त्या वर्षाच्या वेळापत्रकात असायला हवं. काही तरुणांना आयुष्यभर मोठा आधार लागेल, त्यांना नोकरी जमणार नाही. त्यांच्यासाठी दिवसभराची सोय हवीच, आणि तिथेही आज काय करायचं याचं मत त्यांना विचारलं गेलं पाहिजे. नोकरी करू शकणाऱ्यांच्या कौतुकात ही मुलं विसरली जाऊ नयेत.

कुणी म्हणेल, पदवीधर बेकार फिरतात तिथे यांना कोण काम देणार? पण जी कामं आम्ही मागतो आहोत, त्यांतली बरीच अशी आहेत की माणसं तिथे टिकत नाहीत. आमची मुलं टिकतील. आणि घरी बसलेला एक तरुण म्हणजे बहुतेक वेळा कामावर न जाणारी दोन माणसं. त्याने दिवसाला पाच तास काम केलं तर त्याच्या आईलाही पाच तास परत मिळतात. आम्ही दान मागत नाही, फुकट राबणंही मागत नाही. शिकण्याच्या काळात विद्यावेतन हवं, आणि त्यानंतर जेवढ्या तासांचं काम तेवढ्या तासांची नियमाप्रमाणे मजुरी.

हे सगळं आपल्यालाच लिहिते आहे, कारण धागे आपल्या हातात आहेत. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या स्थानिक स्तर समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिवही तेच. जिल्हा परिषद, नगर परिषदा आणि ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असा राज्याचा आदेश आहे. दिव्यांगांसाठी रोजगारक्षम कौशल्यं हा विषय कंपनी कायद्याच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) यादीत आहे. पैसा, अधिकार आणि कामाच्या जागा तिन्ही जिल्ह्यात आहेत. त्यांना एका टेबलाभोवती बसवणारं कुणी हवं.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. पहिली, दोन्ही शिक्षण रुग्णालयं, विश्वविद्यालय, खादी आणि हळदीच्या संस्था आणि देवळीतले उद्योजक यांची एक बैठक आपण बोलवा, आणि दहा-बारा तरुणांचा एक वर्षाचा पहिला गट सुरू करा. निवड मुलाखतीने करू नका, काम करून घेऊन करा. दुसरी, या गटाच्या जॉब कोचांचा पगार ५ टक्के निधीतून आणि सीएसआरमधून बांधून द्या. सायकली आणि शिलाई यंत्रं वाटणं फोटोत चांगलं दिसतं, पण आमच्या मुलांना यंत्राआधी माणूस लागतो. तिसरी, अठरा वर्षांवरच्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी प्रमाणपत्र आणि दिव्यांग ओळखपत्राची (यूडीआयडी) शिबिरं घ्या, आणि जुन्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी करा. चौथी, स्थानिक स्तर समितीची बैठक कायद्याप्रमाणे दर तीन महिन्यांनी घ्या आणि तिची तारीख आधी जाहीर करा. अनेकदा पगाराचं खातं पालकत्वाच्या कागदापाशी अडतं, आणि तो कागद हीच समिती देते. आणि पाचवी, वर्षअखेरीस किती जण कामावर टिकले हा आकडा लोकांसमोर ठेवा. किती जणांना प्रशिक्षण दिलं, हा आकडा पुरेसा नाही.

आमच्याही वाट्याचं काम आहे आणि ते आम्ही करू. मुलांना वेळेवर पाठवू. लाडाने किंवा भीतीने मध्येच घरी आणणार नाही. जे त्याला करता येतं ते त्याच्या हातातून काढून घेणार नाही. ज्यांची मुलं आज बारा-तेरा वर्षांची आहेत अशा आईबापांना माझी विनंती आहे की अठराव्या वर्षाची वाट पाहू नका. भाजी चिरणं, दुकानातून दूध आणणं, शेजारच्या गावापर्यंतचा एसटीचा प्रवास हे आत्ताच सुरू करा.

आम्ही पालक म्हातारे होत चाललो आहोत. आमच्यामागे याचं कसं होईल, हा प्रश्न ऑटिझम असलेल्या मुलाच्या प्रत्येक घरात आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर कुठल्याही अधिकाऱ्याजवळ नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण एक वर्ष, तीन कामाच्या जागा आणि सोबतीला एक शिकवणारा माणूस एवढं देणं या जिल्ह्याला सहज शक्य आहे. पहिल्या बैठकीची तारीख आपण ठरवा. आमची मुलं काम करायला तयार आहेत.

आपली नम्र,
ऑटिझम असलेल्या एका तरुणाची आई
वर्धा